समदुःखींचा सल्ला आणि त्याची हद्द



ज्या वैद्यकव्यवसायी सद्गृहस्थांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांचे दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेले रोगी आपापसांत काय बोलतात इकडे बारीक लक्ष असे, हे त्यांच्या सहवासातील मंडळींकडून मी ऐकले आहे. आणि म्हणूनच आजच्या विषयाची निवड करताना मला फारसा संकोच वाटला नाही. विषय असा की, वजन घटविण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया करून घेतलेली माणसे त्याच वाटेने येणाऱ्या दुसऱ्या माणसांना आहाराविषयी आणि व्यायामाविषयी जो सल्ला देतात, त्याची योग्यता किती, त्याचा अंमल कोठवर चालावा आणि कोठे थांबावा. मी शल्यविशारद नाही. वैद्यकीय समाजसेवकाच्या नात्याने माझी उमेदीची वर्षे रुग्णालयात गेली, आणि या रुग्णांच्या मासिक बैठकी भरविणे, भिडस्तांना बोलते करणे व बैठकीचे दप्तर राखणे हे काम दीर्घकाळ माझ्याकडे होते. जे बोलणार आहे ते त्या बैठकींत ऐकलेल्या आणि नंतर शास्त्राशी ताडून पाहिलेल्या गोष्टींच्या आधारावर.

स्थूलता हा रोग की दुर्वर्तन, या प्रश्नाचा निकाल वैद्यकशास्त्राने दिलेला असला तरी लोकव्यवहारात तो अद्याप लागलेला नाही. ज्याने आयुष्यातील कितीतरी वर्षे निरनिराळ्या पथ्यांत, उपासांत आणि औषधांत घालविली, ज्याने प्रत्येक वेळी दहा किलो उतरवून बारा किलो पुन्हा अंगावर घेतले, आणि ज्याला दुखऱ्या गुडघ्यांनी, रक्तातील साखरेने व झोपेत अडणाऱ्या श्वासाने अखेर शल्यगृहाच्या दारी आणून सोडले, त्यालाही ‘तोंड आवरले असते तर ही पाळी आली नसती’ असे सुनावण्यास त्याचे आप्तच पुढे सरसावतात. साहजिकच हा रुग्ण आपली शस्त्रक्रिया लपवितो. कचेरीत तो पित्ताशयाचे नाव सांगतो, सासरी हर्नियाचे. आणि ज्या घरात मूळ गोष्टच उघड नाही, त्या घरात पथ्यपाण्याची तजवीज कोणी आणि कशी करावी? आजीबाईंच्या बटव्यात बाळंतिणीचा आहार आहे, कावीळ झालेल्याचा आहार आहे, तापातून उठलेल्याचा आहार आहे. परंतु जठराचा तीन-चतुर्थांश भाग काढून टाकलेल्या मनुष्याने तिसऱ्या आठवड्यात काय खावे, याविषयी आपली परंपरा मूक आहे, आणि ती मूक असणे स्वाभाविकही आहे. ही जागा भरून काढण्याचे काम ज्यांनी स्वतः ते दिवस काढले त्यांच्याकडेच येते.

आपल्या देशापुरता या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे शेजारीशेजारी छापली. दोघांचाही देहभारांक २२.३, म्हणजे उंचीच्या वर्गाशी वजनाचे प्रमाण अगदी सारखे. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के भरला. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहातही मेद दडलेला असतो, आणि म्हणून मधुमेहादी विकार आपल्याला पाश्चात्त्यांपेक्षा कमी वजनावर गाठतात. १९९१ साली अमेरिकेत जी मर्यादा ठरली ती देहभारांक ४० ची, आणि सोबत गंभीर विकार असल्यास ३५ ची होती. २०२२ सालच्या नव्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत ती ३५ आणि ३० वर आली, आणि आशियाई लोकांच्या बाबतीत तर २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा विचार करण्यास मुभा देण्यात आली. याचा व्यावहारिक अर्थ असा की, ज्याला शेजारीपाजारी ‘थोडा जाड’ एवढेच म्हणतील असा मनुष्यही उद्या या शस्त्रक्रियेस पात्र ठरू शकेल, आणि समदुःखींचा परिवार वाढत जाईल.

शस्त्रक्रियेचे स्वरूप थोडक्यात सांगणे प्राप्त आहे, कारण सर्व पथ्यांची उपपत्ती तिच्यातच आहे. आयोवा विद्यापीठातील शल्यविशारद एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात आले होते की, व्रणासाठी ज्यांच्या जठराचा भाग काढून टाकावा लागतो त्यांचे वजन पुन्हा सहसा वाढत नाही. त्या निरीक्षणावरून त्यांनी १९६६ साली जठराला वळसा देणारी, आज ‘बायपास’ म्हणून ओळखली जाणारी शस्त्रक्रिया प्रचारात आणली. तीत जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे तीस मिलिलिटर मावेल एवढीच पिशवी राखून ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. दुसरी, आपल्याकडे अधिक रूढ झालेली ‘स्लीव्ह’ नावाची. तीत जठराचा बहिर्वक्र बाजूचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग कायमचा काढून टाकून उरलेल्याची अरुंद नळी ठेवतात. काढलेल्या भागातच भुकेची चेतना देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यत्वे तयार होते. जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली ते शोधून काढले, आणि तेव्हापासून या शस्त्रक्रियेकडे पाहण्याची दृष्टी पालटली. पिशवी लहान झाल्याने मनुष्य कमी खातो एवढेच खरे नाही. त्याची भूकच काही काळ मंदावते. हे ‘काही काळ’ शब्द श्रोत्यांनी कृपा करून ध्यानात ठेवावे.

रुग्णालयातून घरी जाताना रुग्णाच्या हाती एक छापील कागद दिला जातो. त्यावर पायऱ्या असतात: प्रथम निवळ पेये, मग सुमारे दोन आठवड्यांपर्यंत दाट पेये, मग मऊ लापशीसारखे अन्न, मग मऊ घन अन्न, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण. मुदती शल्यविशारदागणिक थोड्याफार बदलतात. त्याखाली आज्ञा असतात: दिवसाकाठी निदान साठ ग्रॅम प्रथिने, दीड लिटर पाणी, परंतु जेवताना नव्हे, जेवणानंतरही अर्धा तास नव्हे, प्रत्येक घास पूर्ण चावून, साखर वर्ज्य. कागद निर्दोष असतो. परंतु साठ ग्रॅम प्रथिने म्हणजे काय, हे ज्याने पूर्वी कधी मोजले नाही त्या गृहिणीला तो कागद कळत नाही. घट्ट वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅम, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे अठरा, असा हिशेब मांडला की लक्षात येते की, वरण-भात-भाजी-पोळी या आपल्या चौरस जेवणातून, आणि तेही लहान वाटीभर खाणाऱ्या मनुष्याला, साठ ग्रॅम मिळणे शक्य नाही. कागदाचा हुकूम आणि घरातील चूल यांच्यामध्ये एक मोठी दरी आहे, आणि ती दरी समदुःखी ओलांडून देतात.

बैठकीत एकदा एका प्राथमिक शिक्षिकेने सांगितले की, श्रीखंडासाठी टांगतो तसा दह्याचा चक्का टांगून त्यात साखरेऐवजी मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून ती चमच्याचमच्याने खाते. प्रथिनांच्या डब्यांवर दरमहा होणारा तिचा खर्च त्यामुळे निम्म्यावर आला होता. कोकणातील एका बाईने मऊ अन्नाच्या पायरीवर ओले बोंबील नुसत्या हळद-मिठात वाफवून खाण्याची युक्ती सांगितली. मऊ पोळीचा घास चावल्यावर चिकट गोळा होऊन छातीशी अडकतो, त्यापेक्षा ज्वारीची भाकरी वरणात पूर्ण कुस्करून घेतली तर ती सुखाने उतरते, हे कित्येकांनी स्वतंत्रपणे सांगितलेले मी ऐकले आहे, आणि ते कोणत्याही छापील कागदावर मला आढळले नाही. जेवणाच्या ताटाऐवजी लोणच्याची वाटी आणि चहाचा चमचा घ्यावा. घास तोंडात असेपर्यंत चमचा हातात धरूच नये. पाण्याचे भांडे दिवसभर डोळ्यांसमोर आणि जेवताना दुसऱ्या खोलीत ठेवावे. पंगतीत आग्रह टाळायचा असेल तर ताकाचा पेला हातात धरून उभे राहावे, कारण ज्याच्या हातात काही आहे त्याला कोणी फारसे वाढीत नाही. या गोष्टी क्षुल्लक दिसतात, पण आहाराचे पथ्य त्यांवरच टिकते किंवा मोडते. आहारतज्ज्ञ ‘काय’ आणि ‘किती’ हे सांगतो. ‘कसे’ हे सांगण्याचा अधिकार ज्याने केले त्याचाच.

उपवासांचा प्रश्नही बैठकीतच सुटतो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाणारी बाई आहारतज्ज्ञाला ते सांगतच नाही, कारण तो व्रताची हेटाळणी करील अशी तिला भीती असते. तीच बाई शेजारी बसलेल्या दुसऱ्या व्रतस्थ बाईला निःसंकोच विचारते, आणि साबुदाण्यात पिष्टापलीकडे जवळजवळ काही नाही, त्या दिवशी दूध, दही, पनीर यांवर भर द्यावा आणि पाणी मात्र एक घोटही कमी होऊ देऊ नये, असे उत्तर तिच्याकडून सहज स्वीकारते. श्रद्धेला धक्का न लावता पथ्य सांगण्याचे हे कौशल्य आम्हां नोकरदारांना सहसा साधत नाही.

बायपास झालेल्याने साखर खाल्ली तर काय होते, हेही समदुःखीच उत्तम सांगतो. जठराच्या खालच्या टोकाशी असलेली झडप आता वाटेत नसल्यामुळे गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरतो. अर्ध्या तासाच्या आत छातीत धडधड, अंगाला दरदरून घाम, पोटात कळा, जुलाब, आणि कोठेतरी आडवे व्हावे अशी अवस्था. डॉक्टरने सांगितलेले हे वर्णन रुग्ण ऐकतो. मुलाच्या मुंजीत दोन जिलब्या खाऊन हा प्रकार भोगलेल्या गृहस्थाने सांगितलेले मात्र विसरत नाही.

येथपर्यंत मी समदुःखींच्या सल्ल्याची बाजू मांडली. आता त्याची हद्द.

न्यायालयात साक्षीदाराने आपण डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे, निवाडा करू नये, असा दंडक आहे. समदुःखीचा सल्ला हीदेखील साक्ष आहे, आणि ती प्रामाणिक असूनही दिशाभूल करू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचे. ‘वर्ष झाले, मी त्या गोळ्या सोडून दिल्या, मला काहीच झाले नाही,’ हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकले आहे की त्याची धास्ती वाटावी. वाक्य खरे असते. परंतु ब-१२ या जीवनसत्त्वाचा साठा यकृतात कित्येक वर्षे पुरेल इतका असतो. शस्त्रक्रियेने त्याचे शोषण मंदावले तरी जुन्या शिलकीवर शरीराचा कारभार चालू राहतो, आणि अभावाची लक्षणे दिसण्यास दोन-दोन, तीन-तीन वर्षे लागतात. मग पायांना मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, विसरणे वाढते, रक्त उतरते. आणि मज्जातंतूंची हानी फार पुढे गेली तर ती पुरती भरून येत नाही. डॉ. याज्ञिकांच्याच पुण्यातील पाहणीत शाकाहारी लोकांत ब-१२ चे प्रमाण मुळातच फार कमी आढळलेले आहे. म्हणजे आपल्याकडील पुष्कळ रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढतात तेच रिकाम्या तिजोरीनिशी. अशा मनुष्याला वर्षभराच्या अनुभवी मित्राने दिलेला ‘काही होत नाही’ हा दिलासा किती घातक आहे, हे वेगळे सांगावयास नको.

याच्या अगदी उलट ब-१ ची, म्हणजे थायमिनची गोष्ट. त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांपलीकडे पुरत नाही. शस्त्रक्रियेनंतर कोणाला वारंवार ओकाऱ्या होऊ लागल्या, आणि अनुभवी मित्राने ‘मलाही झाल्या होत्या, जातील’ म्हणून त्याला घरी बसविले, तर महिन्या-दीड महिन्यात डोळ्यांची हालचाल बिघडणे, चाल डळमळणे आणि बुद्धिभ्रम होणे इतक्या थरास गोष्टी जाऊ शकतात, आणि वेळेवर थायमिन टोचले नाही तर ते नुकसान कायमचे ठरते. तालुक्याच्या गावी हा धोका अधिक, कारण ओकाऱ्यांनी थकलेल्या रुग्णाला तेथे प्रथम साखरेचे सलाईन लावण्याचा परिपाठ आहे, आणि थायमिन दिल्यावाचून साखर देणे अशा रुग्णास बाधक ठरू शकते. म्हणून आपली शस्त्रक्रिया साऱ्या जगापासून लपविली तरी समोरच्या डॉक्टरपासून लपवू नये, अशी ताकीद प्रत्येक रुग्णास द्यावी. आणि ती ताकीद समदुःखीने दिली तर अधिक परिणामकारक होते असा माझा अनुभव आहे. सतत ओकारी, ताप, पोटात न थांबणारी कळ, काळसर शौच, पोटरीला सूज, धाप ही लक्षणे बैठकीत चर्चेला घ्यावयाचीच नाहीत. तेथे एकच उत्तर, रुग्णालय गाठा.

औषधांच्या बाबतीतही तसेच. बायपासनंतर मधुमेहाची साखर वजन उतरण्याच्या आधीच, काही दिवसांतच खाली येऊ लागते, ही या शस्त्रक्रियेची मोठी देणगी. परंतु इन्सुलिन किती कमी करावयाचे हे त्या त्या रुग्णाच्या तपासणीवरून डॉक्टरने ठरवावयाचे असते, शेजाऱ्याच्या उदाहरणावरून नव्हे. गुडघा दुखतो म्हणून एकमेकांच्या पिशवीतील वेदनाशामक गोळ्या वाटून घेण्याची आपल्याकडे मोठी आपुलकीची पद्धत आहे. बायपास झालेल्यास त्याच गोळ्यांनी जोडाच्या जागी व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो. उलट, लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, आणि विसर पडू नये म्हणून एक गोळी देवपूजेशी व दुसरी रात्रीच्या बातम्यांशी बांधून टाकावी, हा समदुःखीचा सल्ला निःशंकपणे घेण्यासारखा. मात्रा डॉक्टरची, वेळापत्रक मित्राचे, अशी ही वाटणी आहे.

व्यायामाविषयी बोलताना मला थोडे कठोर व्हावे लागेल, कारण या क्षेत्रात उत्साहाने केलेले नुकसान मी पाहिले आहे. शस्त्रक्रियेच्या संध्याकाळीच रुग्णाला उठवून चालवितात. पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये हा त्यातील हेतू. त्यानंतरचे पहिले काही आठवडे चालणे हाच व्यायाम, आणि वजन उचलणे मना. भरलेली कळशी, गॅसची टाकी, धान्याचा डबा, आणि ज्याचा मोह सर्वांत अनावर ते नातवंड. एका आजोबांनी नव्या रुग्णाला सांगितले, ‘नातवाला उचलू नका, तुम्ही खाली बसा आणि त्याला मांडीवर चढू द्या.’ असा सल्ला सोन्याने मढवावा. परंतु त्याच बैठकीत एका तरुणाने तिसऱ्याच आठवड्यापासून रोज सूर्यनमस्कार घालण्याचा उपदेश केला. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ज्याचा आयुष्यभर पुरस्कार केला त्या व्यायामाविषयी महाराष्ट्रात कोणाला आदर नसेल? तथापि पोटाच्या जखमा भरत असताना आणि गुडघे अद्याप जुने वजन वाहत असताना त्याची घाई करणे अयोग्य. शल्यविशारदाने परवानगी दिल्यावर, अर्ध्या आवर्तनापासून, तो अवश्य करावा.

दहा हजार पावलांचा आकडाही असाच बैठकीतून हुकमासारखा फिरतो. हा आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकावयास आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राबरोबर लोकप्रिय झाला. कोणत्याही वैद्यकीय प्रयोगातून तो निघालेला नव्हता. ज्याला आज घरातल्या घरात फेऱ्या मारताना दम लागतो, त्याने तो आकडा ऐकून पहिल्याच दिवशी हताश होण्याचे कारण नाही. त्याला हे सांगावे की, वजन एक किलोने उतरले तर चालताना दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे मोजमाप झालेले आहे. म्हणून आजची दोनशे पावले पुढल्या महिन्यात आपोआप वाढतील. आणि चालण्याच्या जोडीला स्नायूंचा व्यायाम हवा, हे मात्र बैठकीत क्वचितच निघते. उतरलेल्या वजनात मेदाबरोबर स्नायूही जातात. ते राखावयाचे तर पुरेशी प्रथिने आणि स्नायूंना काम, दोन्ही लागतात: हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठबस, भिंतीला तळवे टेकून ढकलणे, रबरी पट्टा ताणणे. व्यायामशाळेतील आरशांसमोर उभे राहण्याचा ज्यांना संकोच वाटतो, विशेषतः ज्या स्त्रियांना बागेत चालतानाही लोकांच्या नजरा सोसाव्या लागतात, त्यांनी तिघी-चौघींनी मिळून पहाटे चालण्याचा नेम केला, आणि एकीचा खाडा दुसरीला जाब विचारण्याजोगा ठरला, हे मी पाहिले आहे. कोणतेही औषध हे काम करीत नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा विषय घेतला त्याकडे येतो. बैठकीत सल्ला देणारा कोण असतो? बहुतेक वेळा शस्त्रक्रियेला सहा महिने ते वर्ष झालेला मनुष्य. त्याचे कपडे सैल झालेले असतात, लोक त्याला ओळखत नाहीत, मधुमेहाची औषधे सुटलेली असतात. त्याचा चेहरा उजळलेला असतो आणि शब्दांत विजयाचा आत्मविश्वास असतो. तो म्हणतो, ‘मी सकाळी कोमट पाण्यात लिंबू घेतो, रात्री सातनंतर जेवत नाही, म्हणून माझे चाळीस किलो उतरले.’ त्याला कळत नाही की, त्या पहिल्या वर्षात लिंबाने किंवा सातच्या नियमाने यत्किंचितच काम केले असून बहुतेक काम शस्त्रक्रियेने केले आहे. भूक मंदावलेली असण्याचा काळ, ज्याचा मी मघाशी उल्लेख केला, तो हाच.

स्वीडनमध्ये १९८७ पासून दोन हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या आणि साधारण तितक्याच न झालेल्या स्थूल व्यक्तींवर वर्षानुवर्षे नजर ठेवण्यात आली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीच्या निष्कर्षांत असे दिसते की, शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत खाली गेले, नंतर काही अंशी परत चढले, आणि पुढे स्थिर झाले. दहा वर्षांच्या अखेरीस बायपासवाले मूळ वजनापेक्षा २५ टक्क्यांनी खाली होते, जठराला शिवण वा पट्टा घालण्याच्या तत्कालीन दुसऱ्या दोन पद्धतींचे लोक १६ आणि १४ टक्क्यांनी. शस्त्रक्रिया न झालेल्यांचे वजन जवळजवळ होते तेथेच होते, आणि मृत्यूंचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्यांत कमी होते. तेव्हा थोडे वजन परत येणे हा शस्त्रक्रियेचा पराभव नव्हे. तो तिचा ज्ञात आणि मोजलेला मार्ग आहे.

परंतु हे बैठकीत कोण सांगणार? ज्याचे दहा-पंधरा किलो परत आले तो बैठकीला येणेच बंद करतो. लोकांनी पूर्वी त्याला खादाड म्हटले. आता तो स्वतःलाच म्हणू लागतो. बैठकीच्या दप्तरात मी नावे पाहत असे: पहिल्या वर्षी प्रत्येक महिन्याला हजर, दुसऱ्या वर्षी एकाआड, तिसऱ्या वर्षी नाव कोरे. अशा रीतीने ज्यांची साक्ष सर्वांत मोलाची, भूक परतल्यावर काय केले, कोणत्या ऋतूत चालणे सुटले, संध्याकाळच्या फरसाणाने आणि गोड चहाने वजन कसे परत आणले, शस्त्रक्रियेनंतर मद्य फार लवकर चढते हे ठाऊक नसल्याने कोण कसा फसला, हे ज्यांना ठाऊक, तेच गैरहजर राहतात. आणि सभेत उरतो तो केवळ पहिल्या वर्षाचा जयघोष. नियमित येणाऱ्यांचे वजन अधिक उतरते असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. परंतु वजन उतरते म्हणून ते येतात की येतात म्हणून उतरते, याचा उलगडा आकड्यांवरून होत नाही, आणि मला तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात.

समदुःखींच्या संगतीचा वैद्यकात उपयोग ही काही नवी कल्पना नव्हे. बॉस्टन शहरात डॉ. जोसेफ प्रॅट यांनी १९०५ साली गरीब क्षयरोग्यांचा साप्ताहिक वर्ग सुरू केला. प्रत्येक रुग्णाने विश्रांती, ताप आणि आहार यांची रोजची नोंदवही ठेवावयाची, वर्गात ती दाखवावयाची आणि सर्वांनी एकमेकांची प्रगती ऐकावयाची. तेथे वजन वाढणे ही आनंदवार्ता होती. परंतु नोंदवही होती आणि शेजारी डॉक्टर होता, हे मला महत्त्वाचे वाटते. मद्यपाश सोडविण्याच्या कामात १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे दोघा व्यसनग्रस्तांच्या भेटीतून जी चळवळ उभी राहिली, तिने हेच तत्त्व जगभर नेले. आणि आपल्या पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणात व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे समुपदेशक होऊन इतरांना हात देऊ लागली. एक भेद मात्र विसरता कामा नये. मद्य समूळ सोडता येते. अन्न सोडता येत नाही. म्हणून आहाराच्या बाबतीत शपथेपेक्षा रोजच्या व्यवहाराची चर्चा अधिक उपयोगी पडते, आणि ती करण्यासाठी जुनी माणसे हवीत.

माझे म्हणणे असे की, प्रत्येक शस्त्रक्रिया-विभागाने समदुःखींच्या बैठकीला सोयीची गोष्ट न मानता उपचाराचा भाग मानावे. महिन्यातून एक ठरलेली संध्याकाळ, एक खोली, आणि शेवटचा अर्धा तास आहारतज्ज्ञाची हजेरी एवढ्याची तजवीज करावी, म्हणजे त्या दिवशी दिलेल्या सल्ल्याची तेथल्या तेथे खातरजमा होईल. बोलणाऱ्याने आधी आपली शस्त्रक्रिया कोणती व तिला किती काळ झाला हे सांगावे, असा नियम घालावा. स्लीव्हवाल्याचा अनुभव बायपासवाल्याला आणि पाचव्या महिन्याचा पाचव्या वर्षाला लागू पडेलच असे नाही. गोळीचे नाव आणि मात्रा यांवर सभासदाने बोलू नये. आणि जे दोन वर्षांनी येईनासे झाले त्यांना पत्र पाठवून, दूरध्वनी करून, हरप्रयत्नाने परत बोलावावे. हे काम समाजसेवकाचे आहे, आणि त्यासाठी त्याला वेळ दिला पाहिजे.

शेवटची विनंती या सभागृहात असलेल्या, किंवा हे व्याख्यान छापून आल्यावर ते वाचणाऱ्या, जुन्या रुग्णांना. ज्यांच्या शस्त्रक्रियेला पाच-सात वर्षे झाली, ज्यांचे काही वजन परत आले आणि ज्यांनी त्यामुळे बैठकीची वाट सोडली, त्यांनी पुढल्या महिन्यात पुन्हा यावे. तुम्ही काय खाता, काय सुटले, काय पुन्हा धरले, हे नव्या माणसाला सांगणारे तुमच्यावाचून दुसरे कोणी नाही. आणि येताना गेल्या सहा महिन्यांतील रक्ततपासणीचा कागद बरोबर आणावा. नसेल, तर तपासणी करून यावे.